बेसचा हेडफोन घेताना

दिवाळीच्या सुट्टीला आठ-दहा दिवस राहिले की प्रेपच्या वेळी माझ्याकडे येणाऱ्या शंकांचा रंग बदलतो. एरवी भिंगाचे सूत्र नाहीतर किरचॉफचा नियम घेऊन येणारी मुले सायकलचे गिअर, बॅटचे वजन असले विषय काढू लागतात. यंदा अकरावीतला एक कॅडेट घडी केलेला कागद घेऊन आला. कागदावर तीन हेडफोनची नावे, पुढे किंमत आणि खाली लाल शाईने आकडे: ४० मिमी, ५० मिमी, २० ते २०,००० हर्ट्झ, १० ते २२,००० हर्ट्झ. मामाने वाढदिवसाचे म्हणून तीन हजार रुपये देऊ केले होते.

"सर, यातला सगळ्यांत जास्त बेस कुणाचा?"

"तुला जास्त बेस कशाला हवा?"

तो थोडा लाजला. "माझ्या इअरफोनमध्ये ढोल ढोलासारखा वाजत नाही सर. डबा बडवल्यासारखा वाजतो."

उत्तर मला पटले. ढोल ढोलासारखा ऐकू यावा ही मागणी काही चुकीची नाही. शाळेत मोबाईल आणि हेडफोन दोन्ही हाऊस मास्तरांच्या कपाटात असतात, त्यामुळे हा सारा विचार सुट्टीपुरताच. पण घेतलेली वस्तू चार-पाच वर्षे कानावर राहणार, म्हणून मी त्याला रविवारी दुपारी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत बोलावले.

प्रयोगशाळेत सिग्नल जनरेटर आहे. भाषेच्या वर्गातला एक जुना, कान पूर्ण झाकणारा हेडफोन त्याला जोडला आणि ५० हर्ट्झचा सूर लावला. कॅडेट म्हणाला, फारसे काही ऐकू येत नाही. मी म्हटले, चष्मा काढ. त्याने काढला आणि त्याचे डोळेच मोठे झाले. हेडफोन तोच, सूर तोच, आवाजाची खुंटीही मी हलवली नव्हती. मग मी त्याच्या कानशिलावर, गादीच्या खाली, एक पेन्सिल आडवी सरकवली. बेस पुन्हा गायब. तेवढ्यात १००० हर्ट्झचा सूर लावला. पेन्सिल असो वा नसो, त्यात फारसा फरक पडला नाही.

ज्यांनी झिजलेल्या वायसरच्या पंपाने सायकलमध्ये हवा भरली आहे त्यांना यामागचे कारण लगेच कळेल. दट्ट्या सावकाश दाबला तर हवा कडेने निसटते आणि दाब तयारच होत नाही. झटकन दाबला तर निसटायला वेळ मिळत नाही, थोडी तरी हवा ट्यूबमध्ये जाते. हेडफोनमधला छोटा पडदाही पंपच आहे. वरच्या सुरांसाठी तो सेकंदाला हजारो वेळा हलतो. त्या घाईत हवेला फटीतून पळायला सवड नसते. बेससाठी तो सेकंदाला चाळीस-पन्नास वेळाच हलतो, आणि मग चष्म्याच्या काडीएवढी फटही पुरते. मोकळ्या हवेत ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर असते. एवढ्याशा पडद्याने मोकळ्या हवेत ती लहर उभी करणे अवघडच. पण कान, गादी आणि पडदा यांच्यामध्ये कोंडलेली वाटीभर हवा दाबणे त्याला सहज जमते. म्हणून बेस हवा असेल तर पहिला प्रश्न पडदा किती मोठा हा नसून गादी किती घट्ट आणि सगळीकडून सारखी बसते, हा असतो.

हे समजले की दुकानात काय पाहायचे तेही समजते. गादीच्या आतली पोकळी तुमच्या कानापेक्षा मोठी हवी. पाळी गादीखाली चिमटली तर खाली फट राहते. गादी जाड आणि मऊ हवी, म्हणजे जबड्याच्या आणि कानशिलाच्या उंचसखल जागी ती बसते. चष्मा असलेल्यांनी चष्मा घालूनच हेडफोन लावून पाहावा. काडी जितकी बारीक तितके बरे. पटका बांधणाऱ्या कॅडेटांच्या कानावरून कापडाची कड जाते, तीही तपासावी. पटका जरा वर सरकवला तर गादी त्वचेवर बसते. कातडीसारख्या गाद्या हवा अडवतात, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात कान घामाने ओले होतात. कापडी गाद्या थंड असतात आणि बेस थोडा गळू देतात. कातडीचे पापुद्रे दोन-तीन वर्षांत सुटू लागतात आणि मग "हेडफोनचा बेस गेला" अशी तक्रार येते. बेस गेलेला नसतो, गादी गेलेली असते. म्हणून सुट्या गाद्या मिळणारा हेडफोन घ्यावा.

हेडफोनची पाठ बंद आहे की जाळीची, हेही पाहावे. जाळीचे, म्हणजे पाठीमागून उघडे हेडफोन मोकळे आणि नैसर्गिक वाटतात, पण अगदी खालचा बेस त्यांत सहसा उतरता असतो. दणका हवा असेल तर बंद पाठीचा घ्यावा. शिवाय त्यातून आवाज बाहेर सांडत नाही, शेजारच्या बर्थवरच्या काकांची झोप मोडत नाही.

आता त्या लाल शाईच्या आकड्यांकडे वळू. "२० ते २०,००० हर्ट्झ" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असते, आणि तेवढ्यावरून बेसचे काहीच कळत नाही. हेडफोन २० हर्ट्झचा सूर काढतो एवढाच त्याचा अर्थ. किती जोराने काढतो ते लिहिलेले नसते. सेनहायझरचा एचडी ६०० हा नावाजलेला हेडफोन घ्या. त्याच्या कागदपत्रांत आकडा १२ हर्ट्झपासून सुरू होतो, तरी पाठ उघडी असल्यामुळे खोल बेससाठी कुणी तो घेत नाही. गायकाचा गळा ऐकायला घेतात. पडद्याच्या आकाराचेही तेच. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून जगभरच्या स्टुडिओंत दिसतो. त्याचा पडदा ४० मिलिमीटरचाच आहे. पन्नासचा पडदा वाईट असतो असे नाही, पण पन्नास म्हणजे चाळीसपेक्षा जास्त बेस, हा हिशेब चुकीचा. ओहमचा आकडा मात्र पाहावा. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या रूपांत मिळतो. फोनला लावायचा तर ३२ च्या आसपासचा बरा. २५० चा फोनवर पुटपुटतो, त्याला वेगळा अँप्लिफायर लागतो.

ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये एक गंमत असते. अनेकांत बेस वाढवण्याची सोय आतल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये असते. बॅटरी संपली म्हणून वायर लावली की तोच हेडफोन एकदम पोकळ वाजू लागतो. ज्या पद्धतीने वापरणार त्याच पद्धतीने ऐकून पाहावे.

काय ऐकून पाहावे याबद्दल माझे ठाम मत आहे: जे वाद्य तुम्ही रोज प्रत्यक्ष ऐकता, तेच. आपल्या कॅडेटांना हे भाग्य आहे. परेडला बँडचा मोठा ड्रम डाव्या पावलावर पडतो आणि त्याचा ठोका छातीत बसतो. त्याला सुरुवात असते, पोट असते आणि शेवट असतो. एखाद्या बँडचे चांगले रेकॉर्डिंग लावा. ठोका पडला आणि थांबला असे वाटले तर हेडफोन चांगला. ठोक्यानंतर नुसते "हूंऽऽ" रेंगाळत राहिले आणि त्यात बिगुल बुडाला, तर तो बेस नव्हे, चिखल. तबलाही उत्तम परीक्षक आहे. डग्ग्यावर मनगट सरकवून वादक घुमारा वर-खाली नेतो. चांगल्या हेडफोनमध्ये ती चढउतार बोटाने दाखवता येते, वाईटात सगळे ठोके एकाच "धप" आवाजात येतात. शेवटी बातम्या देणाऱ्या एखाद्या पुरुषाचा आवाज ऐकावा. तो मडक्यात तोंड घालून बोलतोय असे वाटले तर दीडशे-दोनशे हर्ट्झच्या आसपास कंपनीने नको तेवढा फुगा आणला आहे. खरा खोल बेस साधारण शंभर हर्ट्झच्या खाली असतो आणि तो माणसाच्या बोलण्याच्या आड फारसा येत नाही.

इथवर ऐकून कॅडेट खूश होता. कागदावर खुणा करून तो उठणार, तेवढ्यात मी विचारले, "आवाज किती ठेवतोस?" तो म्हणाला, "फुल, सर. गाडीत तर फुलच लागतो."

मला हेच ऐकायचे होते.

१९३३ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी माणसाच्या कानाचा एक स्वभाव मोजून प्रसिद्ध केला. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर फारच कमी ऐकू येतात. १००० हर्ट्झचा मंद सूर आणि ५० हर्ट्झचा सूर सारखेच वाटायला हवे असतील, तर ५० च्या सुराला तीसहून अधिक डेसिबल जादा जोर द्यावा लागतो. आवाज वाढवत नेला की हा फरक कमी होतो. म्हणजे खुंटी फिरवली की सगळेच वाढते, पण बेस जास्त वाढल्यासारखा वाटतो. पोकळ वाजणाऱ्या इअरफोनवर मुले आवाज का वाढवतात याचे उत्तर इथे आहे. त्यांना गोंगाट नको असतो, ढोल हवा असतो. मात्र ढोलाबरोबर दोन-चार हजार हर्ट्झचे सूरही तेवढेच वाढतात, आणि कानाचे नुकसान होते ते प्रामुख्याने त्या भागात.

म्हणून अनेक पालकांना विचित्र वाटेल असे एक विधान करतो. जास्त बेसचा, नीट बसणारा हेडफोन हा बेस नसलेल्या स्वस्त इअरफोनपेक्षा कानाला बरा ठरू शकतो. मात्र बेस मिळाल्यावर खुंटी खाली यायला हवी. ती तिथेच ठेवली तर मामाचे तीन हजार आणि भाच्याचे कान, दोन्ही गेले.

गाडीतली गोष्ट आणखी वेगळी. आपली कितीतरी मुले तीस-छत्तीस तास रेल्वेने घरी जातात. रेल्वेची घरघर मुख्यतः खालच्या सुरांची असते आणि ती नेमकी बेसला झाकते. मुले वर आवाज चढवतात. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. लहान मुलांसाठी ७५. आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मी करायची. या हिशेबाने ९० डेसिबलला आठवड्याचे चार तास हाती येतात. छत्तीस तासांच्या प्रवासात सतत ९० वर ऐकणारा कॅडेट नऊ आठवड्यांचा शिधा एकाच प्रवासात संपवतो. आणि फोनचा पूर्ण आवाज १०० च्या वरही सहज जाऊ शकतो.

प्रवासासाठी बाहेरचा आवाज कापणारा, म्हणजे नॉइज कॅन्सलिंगचा हेडफोन खरोखर उपयोगी आहे, कारण ही युक्ती खालच्या घरघरीवरच सर्वांत चांगली चालते. तिचा इतिहास आपल्या वाचकांना आवडेल. हेडफोन आणि सैन्य यांचे नाते तसे जुनेच. १९१० मध्ये युटामधल्या नॅथॅनिएल बाल्डविन या गृहस्थाने घरी बनवलेले हेडफोन अमेरिकी नौदलाला पाठवले आणि बिनतारी संदेश ऐकायला नौदलाने ते घेतले. पुढे १९७८ मध्ये झुरिकहून परतताना एमआयटीतले प्राध्यापक अमर बोस यांना विमानात मिळालेल्या हेडफोनमधून इंजिनाच्या आवाजापुढे संगीत ऐकू येईना. त्यांनी तिथेच, विमानात बसून, तो आवाज उलट्या लहरीने कापण्याचे गणित मांडायला घेतले. वैमानिकांसाठीचा त्यांच्या कंपनीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला. अमर बोस यांचे वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक होते; इंग्रजांपासून सुटून ते अमेरिकेला गेले होते.

एक सूचना मात्र ठळक अक्षरांत वाचावी. संगीताचा हेडफोन, मग तो कितीही आवाज कापणारा असो, फायरिंग रेंजवर चालत नाही. तिथे इअरप्लग किंवा रेंजचे इअरमफच. साध्या ०.२२ रायफलचा बारसुद्धा कानापाशी १४० डेसिबलच्या आसपास जातो.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. मिरजेला कॉलेजात असताना मी एनसीसीत होतो आणि नेम बरा होता. कानात कापूस घातला की बाकीची पोरे हसत, म्हणून घालत नसे. उजव्या खांद्याला दस्ता लावून नेम धरला की मान उजवीकडे कलते, उजवा कान डोक्याच्या आडोशाला जातो आणि डावा कान नळीच्या तोंडाकडे उघडा राहतो. संध्याकाळी वॉकमन. त्याच्या हेडफोनला स्पंजाच्या पातळ चकत्या होत्या, कानावर नुसत्या टेकणाऱ्या. त्यातून बेस येणे शक्यच नव्हते, आता ते मला समजते. तेव्हा मी बेसचे बटण दाबून खुंटी शेवटपर्यंत फिरवत असे आणि डोळे मिटून पडत असे.

१९९१ मध्ये लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, दोन्हींत पास झालो. मेडिकलला एका शांत खोलीत पाठमोरे उभे केले. ६१० सेंटिमीटर अंतरावरून डॉक्टर आकडे कुजबुजतात आणि एका वेळी एकाच कानाने ऐकून ते परत सांगायचे असतात. उजव्या कानाने सगळे बरोबर सांगितले. मग उजवा कान बंद केला. डॉक्टर म्हणाले "सात", मी म्हणालो "आठ". त्यांनी पुन्हा म्हटले. मी पुन्हा "आठ". कुजबुजीत खर्ज जवळजवळ नसतोच. सगळा अर्थ स, श, फ, ट अशा वरच्या सुरांच्या व्यंजनांवर तोललेला असतो. नंतर काढलेल्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी एक खड्डा होता. खालचे सूर शाबूत होते, आजही आहेत. ज्या बेससाठी मी खुंटी फिरवली तो मला अजून पूर्ण ऐकू येतो. गेला तो "सात"मधला "स". आतल्या कानातल्या त्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

रायफलचा वाटा किती आणि वॉकमनचा किती, हे कुणी वेगळे करून देऊ शकत नाही. मी भौतिकशास्त्र शिकवायला लागलो आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. तरी एनडीएच्या निकालाची यादी फळ्यावर लागते त्या दिवशी मी थोडा वेळ जास्तच उभा राहतो.

कॅडेटला हे सांगितल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो व्यवहाराचा, आणि तेच मला आवडले: मग बेस वाढवायचा तरी कसा? तेही सांगतो. फोनमध्ये इक्वलायझर असतो. त्यात शंभर हर्ट्झच्या खालच्या पट्ट्या वर ढकलण्याऐवजी बाकीच्या पट्ट्या चार-पाच डेसिबल खाली आणाव्यात. परिणाम तोच होतो, आवाज फाटत नाही आणि कानाला ज्या सुरांचा धोका आहे तेच कमी होतात. घरी, शांत खोलीत, हव्या त्या आवाजाला खुंटी लावून ठेवावी आणि बाहेर पडल्यावर ती वाढवायची नाही असे ठरवावे. काही फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाला डेसिबलची मर्यादा घालता येते. पालकांनी ती सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मुलासमोर घालावी, चोरून नव्हे. हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोललेले त्याला कळत नसेल, तर आवाज जास्त आहे. हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा जग कापसात गुंडाळल्यासारखे वाटत असेल तर त्या दिवसापुरते बस्स. हे वारंवार होत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे, आणि मेडिकलच्या तारखेची वाट पाहू नये.

सुट्टी संपवून मुले परत आली. माझा कॅडेट दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेत हजर. यादीतला दुसरा हेडफोन घेतला म्हणाला, चाळीस मिलिमीटरवाला. पन्नासवाल्याच्या गादीत त्याचा कान मावत नव्हता. उरलेल्या पैशांत चष्म्याची बारीक काडीची फ्रेम घेतली होती. ढोल आता ढोलासारखा वाजतो का, असे विचारल्यावर नुसता हसला.

मग म्हणाला, "सर, ते सहाशे दहा सेंटिमीटर मोजून बघू या?"

कॉरिडॉरमध्ये टेपने अंतर मोजून खडूच्या दोन रेघा मारल्या. आधी मी पाठमोरा उभा राहिलो, उजव्या कानात बोट घालून. त्याने दहा आकडे कुजबुजले. मला सहा कळले. त्याने काही न बोलता वहीत लिहिले. मग आम्ही जागा बदलल्या. एका कानाचे दहा झाले, दुसऱ्याचे नऊ झाले. शेवटचा आकडा मी मुद्दाम राखून ठेवला होता. श्वास सोडून, जेमतेम ओठ हलवून म्हटले, "सात."

तो वळलाही नाही. "सात, सर."